पार्श्वभूमी: समुद्रातले मोठे पवनप्रकल्प अडतात कुठे?

५ डिसेंबर २०२४ रोजी डेन्मार्कमध्ये उत्तर समुद्रातल्या तीन जागांसाठी बोली लावण्याची मुदत संपली. तिन्ही मिळून किमान ३ गिगावॅटचे पवनप्रकल्प व्हायचे होते. एकही बोली आली नाही. समुद्रात पवनचक्क्या कशा उभ्या करायच्या हे ज्या देशाने जगाला शिकवलं, जिथे वारा जोरदार, समुद्र उथळ, बंदरं सज्ज आणि कामगार तरबेज, तिथे ही वेळ आली. आठ महिन्यांनी जर्मनीतही तेच घडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन जागांच्या लिलावाकडे कोणी फिरकलंच नाही.

बातमी तेवढीच वाचली तर वाटतं, चांगला चाललेला उद्योग एकाएकी आडवा झाला. प्रत्यक्षात या रिकाम्या लिलावांची मुळं आठ-दहा वर्षं मागे जातात. ती वाऱ्यात आणि लाटांत कमी आहेत, एका आकड्यात जास्त आहेत. तो आकडा म्हणजे शून्य. त्याच्याकडे सविस्तर येऊ. आधी थोडं मागे जायला हवं, कारण समुद्राने दिलेले सुरुवातीचे धडे पुढच्या पैशांच्या भांडणात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात.

खारी हवा, सिमेंट आणि डिझेल

१९९१ मध्ये डेन्मार्कच्या लोलांड बेटाजवळ विंडेबी इथे ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकेक ४५० किलोवॅटची, सगळ्यांची बेरीज ५ मेगावॅटच्याही आत, किनाऱ्यापासून अंतर दीड ते तीन किलोमीटर. पुढची दहा वर्षं हे सगळं प्रयोगाच्याच पातळीवर राहिलं. २००२ मध्ये जटलंडच्या पश्चिमेला हॉर्न्स रेव्ह इथे २ मेगावॅटची ८० यंत्रं बसली आणि वीजकेंद्र म्हणावं असं काहीतरी पहिल्यांदा समुद्रात तयार झालं. दोनच वर्षांत त्या ऐंशीच्या ऐंशी यंत्रांचा वरचा भाग उतरवून किनाऱ्यावर आणावा लागला. ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रं तिथल्या हवेत टिकत नव्हती. जमिनीवर रुळलेलं यंत्र समुद्रात नेऊन ठेवलं की काम झालं, हा समज तिथे संपला.

जमिनीवर बिघाड झाला तर गाडी काढून माणूस पोहोचतो. समुद्रात त्याला होडीने जावं लागतं. होडीच्या नाकाला जाड रबर असतं. ते खांबाला टेकवून इंजिन पूर्ण जोरात ठेवायचं, म्हणजे होडी खांबाला चिकटून राहते. तंत्रज्ञ पट्टा अडकवून पुढे उभा राहतो, लाटेचा वर-खाली होण्याचा ताल बघतो आणि योग्य क्षणी शिडीवर पाय टाकतो. लाटांची उंची साधारण दीड मीटरच्या वर गेली की हे थांबतं. हिवाळ्यात वारा सगळ्यात जास्त, म्हणजे वीजही सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच यंत्रापर्यंत पोहोचणं सगळ्यात अवघड. दुरुस्तीसाठी आठवडाभर शांत समुद्राची वाट बघत बसणं हा या धंद्याचा रोजचा भाग आहे. प्रकल्प किनाऱ्यापासून १०० किलोमीटरच्या पुढे गेले तेव्हा माणसांना दोन-दोन आठवडे जहाजावरच राहायला ठेवण्याची पद्धत आली.

दुसरा धडा पायाचा. उथळ समुद्रात बहुतेक ठिकाणी पोलादाचा एकच जाडजूड पाइप तळात ठोकतात. त्यावर बाहीसारखा दुसरा रुंद पाइप चढवतात आणि दोघांच्या मधल्या फटीत सिमेंटसारखं घट्ट मिश्रण भरतात. वरचा मनोरा या बाहीवर उभा राहतो. २००९-१० च्या सुमारास लक्षात आलं की अनेक प्रकल्पांत ही बाही हळूहळू खाली सरकते आहे. कारण शोधताना सापडली एक चूक, आणि ती कोणा एका ठेकेदाराची नव्हती. सगळा उद्योग ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंहितेवर विसंबून होता, तिच्यातल्याच एका सूत्रात ती होती. सूत्रातली एक किंमत चुकली होती आणि त्यामुळे जोडाची ताकद जवळजवळ दहापट जास्त दिसत होती.

स्कॉटलंडच्या सोलवे खाडीतल्या रॉबिन रिग प्रकल्पात हे प्रकरण कोर्टात गेलं. ६० पाये, दुरुस्तीचा खर्च २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो. ठेकेदाराचं म्हणणं होतं, आम्ही संहितेनुसार काम केलं, संहिता चुकली तर आमचा दोष काय? पण कराराच्या तांत्रिक भागात कुठेतरी एक ओळ होती, की पायाचं आयुष्य २० वर्षं असेल असंच आरेखन करायचं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खर्च ठेकेदाराच्या माथी मारला. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. चूक नेमकी कोणाची यापेक्षा जोखीम कागदावर कोणाच्या नावाने लिहिली आहे, यावर सगळं ठरलं. पुढच्या दहा वर्षांची गोष्ट याच वाक्याभोवती फिरते.

तिसरा धडा केबलचा. जर्मनीने ठरवलं होतं की समुद्रातून किनाऱ्यापर्यंतची केबल प्रकल्प कंपनीने टाकायची नाही, ती ग्रिड कंपनीची जबाबदारी. नोव्हेंबर २०११ मध्ये उत्तर समुद्राची जबाबदारी असलेल्या ग्रिड कंपनीने सरकारला पत्र लिहून कळवलं की एवढी कामं वेळेत उरकायला आमच्याकडे पैसा आणि माणसं नाहीत. परिणाम बोर्कुम बेटाजवळच्या रिफगाट प्रकल्पात दिसला. ऑगस्ट २०१३ मध्ये ३० पवनचक्क्यांचं थाटात उद्घाटन झालं, पण केबल आलेली नव्हती. केबलच्या वाटेत समुद्रतळावर दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा पडलेला होता आणि तो एकेक करून काढण्यात महिने गेले. तोवर यंत्रं नुसती उभी ठेवली असती तर खाऱ्या दमट हवेत गंजली असती, म्हणून ती फिरती ठेवण्यासाठी डिझेल जनित्रं लावली. महिन्याला सुमारे २२ हजार लिटर डिझेल जाळून पवनचक्क्या फिरवल्या जात होत्या. केबल जोडली गेली फेब्रुवारी २०१४ मध्ये. दरम्यान, २०१२ च्या अखेरीस जर्मनीने कायदा केला होता: केबलला उशीर झाला तर प्रकल्पाच्या बुडालेल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा भरून द्यायचा आणि तो पैसा वीजग्राहकांच्या बिलातून काढायचा.

‘शून्य अनुदान’ म्हणजे नेमकं काय होतं

१३ एप्रिल २०१७ रोजी जर्मनीच्या पहिल्या समुद्री पवन लिलावाचा निकाल लागला. चार प्रकल्प, एकूण १,४९० मेगावॅट. त्यातल्या तीन प्रकल्पांची बोली होती शून्य सेंट. चौथ्या, ११० मेगावॅटच्या प्रकल्पाची ६ सेंट. सरासरी निघाली युनिटमागे ०.४४ सेंट. जगभर मथळे झळकले की समुद्रातली पवनऊर्जा आता अनुदानाशिवाय उभी राहते. तीन वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, ब्रिटनने काही प्रकल्पांना मेगावॅट-तासामागे १४० ते १५० पौंडांची हमी दिली होती. तिथून थेट शून्य?

इथे शब्दांचा गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

पहिली गोष्ट, जर्मन बोली आणि ब्रिटिश बोली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ब्रिटनची पद्धत ‘फरकाच्या करारा’ची. ती दोन्ही बाजूंनी चालते. ठरलेल्या भावापेक्षा बाजारभाव खाली गेला तर कंपनीला फरक मिळतो, वर गेला तर कंपनीने फरक परत करायचा. म्हणजे भाव पक्का. जर्मनीची तेव्हाची पद्धत एकाच बाजूने चालणारी होती. बाजारभाव बोलीच्या खाली गेला तर सरकार भरपाई देणार, वर गेला तर जास्तीचे पैसे कंपनीचेच. अशा पद्धतीत शून्याची बोली लावणं म्हणजे ‘मला हमीभाव नको, बाजारात जे मिळेल ते माझं’ असं सांगणं. वीज शून्य खर्चात तयार होते असा त्याचा अर्थ नव्हता, आणि ती स्वस्त मिळेल असाही नव्हता. बाजारभाव चढला तर ग्राहक चढा भावच देणार होता.

दुसरी गोष्ट, केबल. ब्रिटनमध्ये प्रकल्प कंपनीच समुद्रातलं सबस्टेशन आणि केबल बांधते, मग नियमाप्रमाणे ती स्वतंत्र पारेषण कंपनीला विकते आणि वापराचं शुल्क दरवर्षी भरते. ते सगळं तिच्या बोलीच्या आकड्यात धरलेलं असतं. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये हा खर्च ग्रिड कंपनी करते आणि वीजबिलावर किंवा करांवर टाकते. जर्मन बिलात त्यासाठी वेगळा अधिभारच आहे. समुद्रातल्या प्रकल्पात केबल ही किरकोळ बाब नसते. दूरच्या प्रकल्पांना एकदिश प्रवाहाची केबल आणि समुद्रात उभं केलेलं भलंमोठं रूपांतर केंद्र लागतं, आणि ते एकेक केंद्र स्वतःच एक मोठा प्रकल्प असतं. त्याची किंमत आकड्याबाहेर ठेवून जे उरलं, त्याला ‘शून्य’ म्हटलं गेलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात निर्णायक वाटते. २०१७ ची शून्याची बोली म्हणजे प्रकल्प बांधण्याचं वचन नव्हतंच मुळी. बांधकाम व्हायचं होतं २०२४-२५ च्या सुमारास आणि पैसे ओतायचे की नाही हा अंतिम निर्णय कित्येक वर्षं पुढे होता. नाही जमलं तर प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने लहानसा दंड भरून बाहेर पडता येत होतं. म्हणजे हा जागा राखून ठेवण्याचा हक्क होता, इसार दिल्यासारखा. बोली लावणाऱ्यांचे अंदाज उघड होते. तोवर १३ ते १५ मेगावॅटची यंत्रं येतील, कोळशाची केंद्रं बंद झाल्याने विजेचा बाजारभाव वाढेल, प्रकल्पाचं आयुष्य २५ वरून ३० वर्षांवर नेता येईल. त्या वेळी समुद्रात बसत असलेली सगळ्यात मोठी यंत्रं ८ मेगावॅटची होती.

हे अंदाज सपशेल चुकले असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या शून्यवाल्या प्रकल्पांपैकी एक, जर्मन समुद्रातला ९६० मेगावॅटचा, खरोखर उभा राहतो आहे. १५ मेगावॅटची ६४ यंत्रं, २०१७ साली अंदाजात धरली होती तशीच. पण गुंतवणुकीचा अंतिम निर्णय व्हायला मार्च २०२३ उजाडला, आणि तोही बऱ्याचशा विजेसाठी मोठ्या उद्योगांशी दीर्घ मुदतीचे विक्री करार झाल्यावर. सरकारची हमी नको म्हणणाऱ्या कंपनीला कोणाची तरी हमी लागलीच. फक्त ती देणारा बदलला.

ही सगळी तळटीप मथळ्यातून गळून गेली आणि उरलं ते ‘शून्य’. सरकारांनी त्यावरून निष्कर्ष काढला की या उद्योगाला आता आधार लागत नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्सने तर निविदाच ‘अनुदान नाही’ अशी काढली आणि ती यशस्वी झाली. २०२१ मध्ये डेन्मार्कच्या ‘थोर’ नावाच्या प्रकल्पासाठी अनेक कंपन्यांनी किमान शक्य तेवढी, म्हणजे जवळजवळ शून्याचीच बोली लावली. सगळे सारखेच, मग निवडायचं कोणाला? चिठ्ठी काढून. १ गिगावॅटचा प्रकल्प, अब्जावधींची गुंतवणूक, आणि विजेता ठरला सोडतीत. वर त्याने सरकारला २.८ अब्ज क्रोनर द्यायचे. अनुदान मागणारा उद्योग आता सरकारलाच पैसे देऊ लागला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने ७ गिगावॅटच्या जागा विकल्या आणि त्यातून १२.६ अब्ज युरोंची बोली मिळाली. त्यातला ९० टक्के पैसा ग्रिडचा भार हलका करायला, ५ टक्के समुद्री निसर्गासाठी, ५ टक्के मासेमारीसाठी.

ब्रिटनने हेच वेगळ्या दाराने केलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये समुद्रतळाच्या नव्या जागांसाठी जो लिलाव झाला, त्यात सुमारे ८ गिगावॅटच्या हक्कांसाठी कंपन्यांनी वर्षाला एकूण ८७.९ कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. प्रकल्प सोडाच, परवानगीही हातात नसताना नुसती जागा राखण्याचं हे वार्षिक भाडं. एक वर्षानंतर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या समोरच्या समुद्रातले सहा भाडेपट्टे ४.३७ अब्ज डॉलरना गेले. हा पैसा शेवटी विजेच्या दरातूनच वसूल व्हायचा असतो. सरकार एका हाताने घेतं, त्याला उत्पन्न म्हणतं, आणि मग वीज महाग का झाली म्हणून विचारतं. या काळातल्या धोरणांबद्दल माझी मोठी तक्रार हीच आहे.

व्याज

२०१७ ते २०२१ या काळात एक गोष्ट इतकी नेहमीची झाली होती की तिच्याकडे कोणी बोलीचा भाग म्हणून बघत नव्हतं: कर्ज जवळजवळ फुकट होतं.

पवनचक्कीला इंधन लागत नाही. त्यामुळे खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीलाच होतो आणि तो पुढची वीस-पंचवीस वर्षं फेडायचा असतो. गॅसच्या केंद्राचं तसं नसतं, तिथे खर्चाचा मोठा भाग रोजच्या रोज इंधनावर होतो. म्हणून व्याजदर वाढला की गॅसकेंद्राला चटका बसतो, पवनप्रकल्प होरपळतो. साधं गणित मांडून बघा. २५ वर्षांचं कर्ज ३ टक्क्यांनी घेतलं तर शंभरामागे वर्षाचा हप्ता पावणेसहाच्या आसपास येतो. तेच ७ टक्क्यांनी घेतलं तर साडेआठच्या वर जातो. यंत्र तेच, वारा तोच, खर्च जवळपास दीडपट.

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या युद्धानंतर व्याज, पोलाद, तांबं, जहाजाचं भाडं, सगळं एकदम चढलं. ज्यांनी भाव आधी ठरवला होता आणि खरेदी नंतर करायची होती ते मधल्या मध्ये अडकले. आणि या धंद्यात भाव ठरणं आणि वीज येणं यांत पाच-सहा वर्षांचं अंतर सहज पडतं. परवानगी, सर्वेक्षण, पाया, केबल, यंत्रं, सगळ्यांच्या रांगा वेगळ्या.

जुलै २०२३ मध्ये इंग्लंडच्या पूर्वेकडचा नॉरफोक बोरियस हा १.४ गिगावॅटचा प्रकल्प खर्च ४० टक्क्यांनी वाढला म्हणून थांबवला गेला. आदल्याच वर्षी त्याने मेगावॅट-तासामागे ३७.३५ पौंडांचा करार मिळवला होता. १ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीसमोरचे ओशन विंड १ आणि २, मिळून सुमारे २.२ गिगावॅट, रद्द झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये कंपन्यांनी दंड भरून करार मोडले. तिथल्या करारांत भाव ठरला होता, महागाईशी जोडलेला नव्हता. रॉबिन रिगच्या त्या एका ओळीसारखंच हे, कागदावर जोखीम कोणाच्या नावाने होती तोच बुडाला.

याच काळात ब्रिटनने घेतलेला एक निर्णय आजही वादाचा आहे. २०२३ च्या लिलावात समुद्री पवनसाठी कमाल भाव ठेवला होता ४४ पौंड. खर्च वाढल्याचं कंपन्या महिनोन् महिने सांगत होत्या. सरकारी बाजूचं म्हणणं असं की कमाल भाव वाढवला की सगळे त्या भावापर्यंत चढतात, आणि आदल्या वर्षी तर ३७ मध्ये ७ गिगावॅट मिळालं होतं. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. कंपन्या दरवेळी रडतात आणि दरवेळी आधीपेक्षा कमी भावाला तयार होतात, हे आधीच्या तीन लिलावांत सगळ्यांनी पाहिलं होतं: २०१५ मध्ये ११४ ते १२० पौंड, २०१७ मध्ये ५७.५०, २०१९ मध्ये ३९.६५. शिवाय काही प्रकल्पांनी २०२२ मध्ये करार सुरू होण्याची तारीख नियमात बसवून पुढे ढकलली आणि तेवढे महिने चढ्या बाजारभावाने वीज विकली. त्या कंपन्यांवर सरकारने लगेच विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्तच होता.

पण सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल लागला तेव्हा समुद्री पवनचा रकाना कोरा होता. एकही बोली नाही. दोन महिन्यांत पुढच्या फेरीचा कमाल भाव ७३ पौंड करण्यात आला, म्हणजे ६६ टक्के वाढ. २०२४ मध्ये प्रत्यक्ष भाव आला ५८.८७. हा आकडा ७३ च्या बराच खाली आहे, म्हणजे सगळे छताला जाऊन चिकटतात ही भीती खोटी ठरली. आणि तो ४४ च्या बराच वर आहे, म्हणजे कंपन्या खोटं बोलत नव्हत्या. एका फेरीचं नुकसान मात्र झालं. समुद्रात एक फेरी चुकते तेव्हा जहाजं, बंदरं, कारखाने यांचं पुढच्या काही वर्षांचं वेळापत्रकच कोलमडतं.

हे सगळे ब्रिटिश आकडे २०१२ च्या किमतीत सांगायची पद्धत होती. प्रत्यक्षात भाव महागाईबरोबर वाढतो. ३७ पौंड वाचून आजच्या बाजारभावाशी तुलना करणारे लेख शेकड्याने निघाले, बाजूने आणि विरोधातही, आणि त्यातल्या बहुतेकांत एका वर्षाचा पौंड दुसऱ्या वर्षाच्या पौंडाशी मोजलेला होता. शून्यासारखाच हाही गुंता.

मोठं, आणखी मोठं

शून्याची बोली मोठ्या यंत्राच्या भरवशावर होती, म्हणून यंत्रं मोठी होत गेली. २००२ मध्ये २ मेगावॅट, २०१७ मध्ये ८, आणि उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ पट्ट्यावर १३ मेगावॅटची, १०७ मीटर लांबीच्या पात्यांची. एका जागी कमी खांब, कमी केबल, कमी फेऱ्या, हा हिशेब बरोबरच आहे. पण प्रत्येक नवं यंत्र आलं की ते उचलणारं जुनं जहाज निकामी, बंदराची क्रेन तोकडी, कारखान्यातले साचे टाकाऊ. एका यंत्रात घातलेला पैसा वसूल व्हायच्या आत पुढचं यंत्र बाजारात. यंत्रं बनवणाऱ्या युरोपी कंपन्या तोट्यात गेल्या. त्यातल्या एकीला नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारची ७.५ अब्ज युरोंची हमी घ्यावी लागली. तिच्या तोट्याचं मूळ मुख्यतः जमिनीवरच्या यंत्रांतल्या दोषांत होतं, हेही सांगायला हवं, पण घाईने आणलेली नवी यंत्रं हा रोग दोन्हीकडे सारखाच. जुलै २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रात अशाच एका १०७ मीटरच्या पात्याचा तुकडा पडला आणि त्याचा फेस आणि फायबर नॅन्टकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहत आला. ऐन उन्हाळ्यात पुळण बंद करावी लागली. दोष पातं बनवतानाच राहिलेला निघाला. आधीच साशंक असलेल्या किनारपट्टीवर त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला.

अमेरिकेत जहाजांची वेगळीच अडचण आहे. १९२० च्या कायद्याप्रमाणे तिथल्या दोन ठिकाणांमध्ये माल नेणारं जहाज तिथेच बांधलेलं असावं लागतं, आणि समुद्रात रोवलेला खांब हेही एक ‘ठिकाण’ धरलं जातं. यंत्र उभं करणारी खास जहाजं मात्र जवळजवळ सगळी युरोपात आणि आशियात. मग परदेशी जहाज समुद्रात उभं करायचं आणि पाती-मनोरे स्थानिक बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावरून, त्याच्यापर्यंत न्यायचे, डुलत्या बार्जवरून उचलायचे. काम चालतं, पण संथ आणि महाग.

मोठं होण्याचे परिणाम ग्रिडवरही दिसले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी संध्याकाळी इंग्लंडमध्ये एका पारेषण वाहिनीवर वीज पडली. घटना रोजच्यासारखीच, क्षणात निवळणारी. पण हॉर्नसी वन हा तेव्हा नुकताच सुरू होत असलेला प्रकल्प त्या धक्क्याने डगमगला. त्याच्या नियंत्रण प्रणालीत कमकुवत ग्रिडवर होणारी आंदोलनं काबूत आली नाहीत आणि काही सेकंदांत ७३७ मेगावॅट गायब झाले. त्याच वेळी एक गॅसकेंद्रही बंद पडलं. ग्रिडची वारंवारिता, जी एरवी ५० हर्ट्झच्या आसपास ठेवतात, ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज गेली. दुरुस्ती म्हणजे नियंत्रणाचं नवं सॉफ्टवेअर, आणि ते बसवायचं आधीच ठरलेलं होतं. एका केबलच्या टोकाला एवढी वीज एकवटली की एका प्रणालीतली चूक देशभर जाणवते, हे त्या संध्याकाळी कळलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने जाहीर केलं की आपण वीजउत्पादनाचा अंदाज जास्त धरला होता. पवनचक्क्यांची रांग वाऱ्याला अडवते. मागच्या रांगांना दमलेला वारा मिळतो आणि समोरही वारा थोडा थबकतो. आता शेजारी-शेजारी प्रकल्प होऊ लागल्यावर एकाने दुसऱ्याचा वारा अडवल्याच्या तक्रारी परवानगीच्या सुनावण्यांत येऊ लागल्या आहेत. वाऱ्यावर हक्क कोणाचा, याचं पक्कं उत्तर अजून कोणाच्या कायद्यात नाही.

समुद्र रिकामा आहे, ही कल्पनाही याच काळात मोडली. लंडन ॲरे या इंग्लंडजवळच्या समुद्री पवनप्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून दिला गेला, त्यात हिवाळ्यात तिथे येणाऱ्या लाल गळ्याच्या पाणपक्ष्यांचा मोठा वाटा होता. खांब ठोकण्याच्या आवाजाने पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे सागरी प्राणी) बिथरतात म्हणून जर्मनीने ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा घातली. आता खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडून आवाज अडवतात, आणि ही मर्यादा पाळता येते हे सिद्ध झालं आहे. संरक्षण खात्यांचा आक्षेप असा सुटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनने बाल्टिकमधले १३ प्रकल्प एकदम नाकारले. येणारं क्षेपणास्त्र ओळखायला दोन मिनिटं मिळतात, ती या मनोऱ्यांमुळे निम्म्यावर येतील, हे कारण. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेत ८० टक्के पूर्ण झालेला प्रकल्प केंद्र सरकारच्या एका आदेशाने थांबला आणि महिनाभराने न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा सुरू झाला. अशी जोखीम कुठल्या दरात धरायची? कर्ज देणाऱ्याने ती नंतरच्या प्रत्येक प्रकल्पात धरलीच असणार.

चीनचा रस्ता यापेक्षा निराळा राहिला. तिथे हमीभाव २०२१ च्या अखेरीस संपणार होता, म्हणून त्या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅट उभं राहिलं. २०२४ च्या अखेरीस जगभरात समुद्रात सुमारे ८३ गिगावॅट होतं आणि त्यातलं निम्मं चीनमध्ये. कर्ज, कारखाने, जहाजं, ग्रिड, सगळं शेवटी एकाच सरकारच्या छत्राखाली असल्याने जोखीम कोणाची हा प्रश्न तिथे या रूपात उभाच राहत नाही. त्यामुळे तिथल्या किमती युरोपच्या लिलावांना लावून बघणं फसवं ठरतं.

मे २०२५ मध्ये हॉर्नसी मालिकेतला चौथा, २.४ गिगावॅटचा प्रकल्प थांबवण्यात आला. त्याच्या हातात ५८.८७ पौंडांचा करार होता, तो मिळून वर्षही झालं नव्हतं. ब्रिटनने पुढच्या फेरीपासून कराराची मुदत १५ वरून २० वर्षं केली. नेदरलँड्सने अनुदान पुन्हा देऊ केलं.

डेन्मार्कनेही रिकाम्या लिलावानंतर निविदा मागे घेतली आणि मे २०२५ मध्ये नवी रचना जाहीर केली. ३ गिगावॅटसाठी ५५ अब्ज क्रोनरपर्यंतचं अनुदान, फरकाचा करार दोन्ही बाजूंचा, मुदत २० वर्षं. पैसे मोजण्याची रीतही बदलली. त्या तासाला प्रकल्पाने किती वीज विकली हे न बघता वाऱ्याप्रमाणे किती तयार करू शकला असता, यावर हिशेब. म्हणजे भाव पडला की कंपनीने यंत्रं थांबवली तरी तिचं नुकसान नाही, आणि भाव चढला की जास्तीचे पैसे सरकारकडे. विंडेबीच्या ११ पवनचक्क्या २०१७ मध्ये, म्हणजे जर्मनीत शून्याचे मथळे झळकले त्याच वर्षी, उतरवल्या गेल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी २४३ गिगावॅट-तास वीज दिली होती. १.३ गिगावॅटचा आजचा प्रकल्प तेवढी सुमारे तीन आठवड्यांत देतो.